थोराची लाल बहीण

दिवाळीच्या पणत्या आवरल्या की इथल्या दुकानांत लाल पॉइन्सेटियाच्या कुंड्या मांडल्या जातात. गेल्या वर्षी घरच्या कुंडीतलं एक पान मोडलं आणि पांढरा चीक ओघळला. मी लेकीचा हात झटकन मागे ओढला. गावी कुंपणाच्या थोराजवळ गेलं की आजी असाच ओढायची. तो चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते.

पॉइन्सेटियाचा चीक त्यामानाने सौम्य. पण दोघं एकाच प्रजातीतले, युफोर्बिया! आफ्रिकेतल्या राजा जुबाच्या वैद्यावरून पडलेलं हे नाव. हिच्यात सुमारे २,००० जाती आहेत. पॉइन्सेटिया मूळची मेक्सिकोची, थोर आपल्याकडचा.

लेक थोराला ‘कॅक्टस’ म्हणते. दिसतात सारखे खरे, पण नातं नाही. कोरड्या हवेत तगताना दोघांनी एकच रूप घेतलं, एवढंच. खरी ओळख फुलात. पॉइन्सेटियाची लाल ‘फुलं’ म्हणजे पानंच. मधल्या हिरव्या-पिवळ्या वाट्या नीट बघा. एकेका वाटीत मधोमध एक मादीफूल, भोवती नरफुलं. थोराचीही वाटी तशीच. कॅक्टसला ती नसते.

कुळ एरंडाचं. ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तो कसावाही त्यातलाच. तुळशीच्या लग्नाला लागणारा आवळा पूर्वी याच कुळात धरत. डीएनए तपासल्यावर त्याला वेगळं बिऱ्हाड करून दिलं.