शिळ्या प्रतीचा धोका

संगणकाच्या पडद्यावर सुधारणा उपलब्ध असल्याची सूचना आली की बहुतेक माणसे निमूटपणे संमती देतात आणि आपल्या कामाला लागतात. ती सुधारणा कोठून येते आणि ती खरोखरच ताजी आहे काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. विश्वासावाचून व्यवहार चालत नाही हे खरे. परंतु ज्या व्यवस्थेवर विश्वास टाकावयाचा, ती कशी चालते हे ठाऊक असणे केव्हाही श्रेयस्कर.

इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियन या मुक्त संगणकप्रणालीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. हा पसारा स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. एवढे भांडार एकाच ठिकाणाहून साऱ्या जगाला पुरविणे अशक्य. म्हणून विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या आपापल्या सर्व्हरवर त्याची प्रत ठेवतात. हिलाच 'मिरर' म्हणतात.

प्रत ठेवणे सोपे. ती मुळाबरहुकूम राखणे मात्र कठीण. मूळ भांडार दिवसातून अनेकदा बदलते. प्रत्येक वेळी सर्व काही नव्याने उतरवून घेणे कोणालाच परवडणार नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली तयार केलेला 'आरसिंक' हा प्रोग्राम येथे उपयोगी पडतो. कारण तो दोन्हीकडच्या फायली ताडून केवळ बदललेला भाग पाठवितो.

तथापि खरी मेख क्रमात आहे. ग्रंथालयाच्या सूचीत नव्या पुस्तकाची नोंद झाली, पण पुस्तक कपाटात आलेच नाही, तर वाचक रिकाम्या हाताने परततो. मिररवरही सूची आधी आणि पॅकेजेस मागाहून पोहोचली, तर ग्राहक-संगणक नसलेली वस्तू मागतो आणि सुधारणा अर्ध्यावरच अडते. म्हणून नियम असा की आधी नवी पॅकेजेस आणावीत, मग सूची बदलावी आणि जुनी पॅकेजेस सर्वांत शेवटी काढून टाकावीत. प्रत केव्हा जुळविली, याची वेळही प्रत्येक मिररवर एका फाइलीत नोंदविलेली असते. ती पाहणारा कोणी असेल तरच त्या नोंदीला अर्थ.

बंद पडलेला मिरर लगेच लक्षात येतो. मागे पडलेला मिरर मात्र कोणाला जाणवतही नाही. तो वेळेवर उत्तर देतो, फायली देतो, तक्रारीला जागाच ठेवीत नाही. देतो ते मात्र कालचे. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला, तेव्हा दुरुस्ती लवकरच उपलब्ध झाली होती. अशा वेळी शिळ्या मिररवर विसंबणारा संगणक 'सर्व काही अद्ययावत आहे' असे सांगत उघडाच राहणार. २००८ साली ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी तर कल्पित व्यवस्थापकाच्या नावाने मिरर उभारून तो प्रमुख लिनक्स वितरणांच्या यादीत दाखल करून दाखविला. पॅकेज-सूचीवर डिजिटल सही असल्यामुळे मजकुरात फेरफार केल्यास तो पकडला जातो. पण जुन्या सूचीवरची सहीदेखील खरीच असते. यास्तव डेबियनने सुरक्षा-सुधारणांच्या सूचीवर मुदत घातली आणि त्या सुधारणा सर्वसाधारण मिररवरून न घेता स्वतंत्र सर्व्हरवरून घ्याव्यात, असा सल्ला दिला.

यंत्राने करावयाचे ते यंत्राने केले आहे. उरते ती माणसाची जबाबदारी. मिरर चालविणे हे संस्थेला भूषणावह असते आणि आरंभी उत्साहही दांडगा असतो. पुढे डिस्क भरते, काम पाहणारा विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो आणि संस्थेचे नाव तेवढे यादीत राहते. जी संस्था मिरर उभारील, तिने त्यावर रोज नजर ठेवणारा माणूस नेमावा. ते जमत नसेल, तर यादीतून आपले नाव काढून घ्यावे. त्यात कमीपणा मुळीच नाही. ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला, त्यांना नकळत जुने देत राहणे, यातच खरा कमीपणा आहे.