पुणे-अहमदनगर एस.टी. मार्ग : इतिहास आणि शब्दसाक्ष्य

एखाद्या वाहतूकमार्गाचा इतिहास आपण दप्तरांतून शोधतो. तो प्रवाशांच्या बोलण्यातही साठलेला असतो. मात्र त्या बोलण्याचा पुरावा म्हणून उपयोग करताना काही दक्षता घ्यावी लागते. पुणे-अहमदनगर या मार्गाच्या आधारे ही गोष्ट स्पष्ट करण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. (अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. येथील विवेचन बहुतांशी त्यापूर्वीच्या काळाचे असल्याने जुने नाव ठेवले आहे.)

हा मार्ग सुमारे १२० किलोमीटर लांबीचा आहे. वाघोली, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव अशी गावे घेत तो शिरूरला पोचतो, आणि तेथे घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा सुरू होतो. पुण्याहून नगरला आगगाडीने जावयाचे तर दौंडवरून वळसा पडतो. त्यामुळे सरळ सडकेला येथे प्रथमपासूनच महत्त्व होते.

आपल्या प्रांतात खाजगी प्रवासी मोटारींचा धंदा १९२० नंतरच्या दशकात वाढीस लागला. वेळ व भाडे मालकाच्या मर्जीवर असे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या स्पर्धेस काहीसा आळा बसला, आणि ठराविक मार्गांवर मालकांचे संघ होऊन वेळापत्रक व निश्चित भाडे आले. पुढे मुंबई सरकारने, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेतली, आणि १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘स्टेट ट्रान्स्पोर्ट’ची पहिली गाडी धावली. तिचा रंग निळा, टप रुपेरी, सांगाडा लाकडी आणि बैठका काथ्याच्या होत्या. १९५० च्या केंद्रीय कायद्यानुसार महामंडळ स्थापन झाले. १९६० साली राज्य झाल्यानंतर त्याला महाराष्ट्राचे नाव मिळाले.

या घडामोडींचे थर भाषेत आजही वेगळे काढता येतात. ‘फलाट’ हा सर्वांत जुन्या थरातला शब्द. तो रेल्वेने आणला, मराठी उच्चारात मुरला आणि मग मोटारीच्या स्थानकावर आला. ‘सर्व्हिस मोटार’ हा शब्द खाजगी मालकांच्या काळाचा. तिसरा थर ‘एस.टी.’चा. मूळ इंग्रजी नाव संस्थेचे. परंतु मराठीत ते वाहनालाही लागले, आणि ‘गाडी’, ‘मोटार’ यांच्या सादृश्याने स्त्रीलिंगी झाले. ‘तो एस.टी.त लागला’ येथे संस्था अभिप्रेत आहे, ‘एस.टी. चुकली’ येथे वाहन. ग्रामीण उच्चारातील ‘येष्टी’ हे रूप तर ध्वनिनियमांस धरूनच आहे : आरंभीच्या ‘ए’पूर्वी यकार येतो, आणि ‘ट’च्या सान्निध्याने ‘स’चा ‘ष’ होतो.

चौथा थर राज्यकारभाराच्या मराठीकरणाचा. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, तर राजभाषा अधिनियम १९६४ चा. ‘वाहक’, ‘चालक’, ‘आगार’ हे शब्द पाट्यांवर व कागदोपत्री रूढ झाले. बोलण्यात मात्र ‘कंडक्टर’ आणि ‘डेपो’ टिकले, कारण ती जागा त्यांनी आधीच घेतली होती. ‘विनाथांबा’चे भाग्य वेगळे. संस्कृत ‘विना’ आणि देशी ‘थांबा’ यांचा हा संकर शुद्धिवाद्यांना रुचणारा नव्हे, पण प्रवाशाला नेमके जे कळावयास हवे होते ते त्याने सांगितले; म्हणून तो पाटीवरून तोंडीही आला.

हे शब्द केवळ या एका मार्गाचे नव्हेत, हे खरे. परंतु एस.टी.चा प्रारंभ येथे झाल्यामुळे एका शब्दाला निश्चित पूर्वमर्यादा मिळते : वाहन या अर्थाचा ‘एस.टी.’ १९४८ पूर्वीचा असू शकत नाही. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. समजा, शिरूरचे एखादे वृद्ध गृहस्थ सांगतात, ‘बेचाळीस साली वडील येष्टीनं नगरला पत्रके पोचवीत.’ दप्तर हाती असलेला संशोधक ही साक्ष तत्काळ खोटी ठरवील. तसे करणे घाईचे होईल. प्रसंग खरा असून शब्द नंतरचा असू शकतो. स्मृती जुन्या वस्तूला पुढील काळाचे नाव देते. तेव्हा साक्ष खोडण्याऐवजी पुढचा प्रश्न विचारावा : ती गाडी कोणाची होती? रंग कोणता? कोठे थांबत असे? या प्रश्नांतून बहुधा ‘सर्व्हिस मोटार’ पुन्हा वर येईल, आणि तिच्याबरोबर तिच्या काळाची हकीकतही.

१ जून २०२२ रोजी याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली, म्हणजे नवा थर पडू लागला आहे. महामंडळपूर्व मोटारींत बसलेली माणसे मात्र आता फार थोडी उरली आहेत. दप्तरे पुढेही पाहता येतील. या माणसांचे बोलणे आधी नोंदवून घेतले पाहिजे.