“कुणासोबत?”

आपल्याकडे बाईने चप्पल पायात घातली रे घातली की एक प्रश्न ठरलेला असतो. “कुठं निघालीस?” हा नव्हे. तो तर गड्यांनाही विचारतात. आपल्याला विचारतात, “कुणासोबत?” बाजाराला कुणासोबत, दवाखान्यात कुणासोबत, परभणीला लग्नाला कुणासोबत. मागच्या डिसेंबरात एका रविवारी मी घरात जाहीर केलं, “मी उद्या नेमगिरीच्या मागच्या डोंगरावर जाऊन येते,” तेव्हाही हाच प्रश्न आला. मी म्हटलं, “कुणासोबत नाही. एकटीच.”

घरात अशी शांतता पसरली, जणू मी माहेरी कायमची निघाले!

मैत्रिणींनो, मी काही गिर्यारोहक वगैरे नाही. वय सेहेचाळीस, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, थायरॉइडची गोळी रोज सकाळी. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. जिंतूरमध्ये राहणाऱ्या कुणालाही नेमगिरी माहीत नाही असं होत नाही. गावापासून तीन किलोमीटरवर डोंगर, त्याच्या पोटात जैन लेणी. दारं इतकी बुटकी की भल्याभल्यांना वाकूनच आत जावं लागतं. एका छोट्याशा दगडावर टेकलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती बघायला लांबलांबून माणसं येतात. शेजारीच चंद्रगिरी. लग्न होऊन आले तेव्हापासून पाहुण्यांना घेऊन मी तिथे कितीदा गेले असेन! पण दर वेळी दर्शन घ्यायचं, डबा खायचा, फोटो काढायचा आणि परत. मागे पसरलेली डोंगराची धार मी नुसती बघत आले. वाटायचं, या धारेवरून चालत गेलं तर पुढे काय दिसत असेल?

वीस वर्षं नुसतं वाटतच राहिलं.

तयारी आणि तंबी

आमच्या ह्यांनी थेट नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, “बघ बाई, तुझं तू.” या चार शब्दांचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, तेच जास्त जड वाटलं.

मी मात्र आंधळेपणाने निघाले नव्हते. त्याआधी तीन वेळा मैत्रिणीला घेऊन त्या वाटेचा अर्धा टप्पा बघून आले होते. एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं: साडेसहाला निघणार, अमुक वाटेने जाणार, बारा वाजता जिथे असेन तिथून मागे फिरणार, तीनपर्यंत घरी. पाठीवर मुलीची जुनी शाळेची सॅक. त्यात तीन लिटर पाणी, दोन दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, मीठ-साखरेची पुडी, एक शिट्टी, क्रेप बँडेज आणि चार्ज केलेला मोबाइल. अंगात सलवार-कमीज, पायात मुलीचेच बूट. ओढणी घरीच ठेवली. ती पहिल्यांदा जाताना नेली होती, तर गवताच्या कुसळांनी अशी भरली की धुवायला दोन दिवस लागले. हातात मात्र काठी. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटायची, हे शेतकऱ्याच्या लेकीला शिकवावं लागत नाही.

धारेवर

जिंतूर तालुक्यातले हे डोंगर म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचा भाग. सह्याद्रीसारखे आभाळाला भिडणारे नाहीत. काळ्या कातळाचे, डोक्यावर सपाट आणि अंगावर मुरूम पांघरलेले. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला हा सगळा दख्खनचा कातळ तयार झाला. त्या मानाने आपली सेहेचाळीस वर्षं म्हणजे काय हो!

मंदिराच्या मागून ढोरवाट धरली. सीताफळाची झाडं, बोरी, पळस, मधूनच घाणेरीची जाळी. गवत पिवळं पडलेलं. पहिला माथा गाठला तोवर ऊन अंगावर आलं होतं. खाली जिंतूरची घरं, तुरीचे आणि हरभऱ्याचे तुकडे, कपाशीचे पांढरे ठिपके. उत्तरेला, पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या बाजूला, सगळं धुरकट. आणि आवाज कसलाच नाही. म्हणजे वारा होता, पक्षी होते. पण “आई”, “अगं”, “मॅडम”, “काकू” असं कुणी हाक मारणारं नव्हतं. मला आधी चुकल्यासारखं झालं. मग बरं वाटलं. मग एकदम रडूच आलं. का ते अजून नीट सांगता येत नाही.

पुढे धार अरुंद होत गेली. एका ठिकाणी पुरुषभर उंचीचा कातळ आडवा आला. तो हात टेकून, खाचेत बोटं रोवून चढले. इथे एक साधा नियम उपयोगी पडतो: दोन हात आणि दोन पाय, या चारांपैकी तीन कायम टेकलेले हवेत, हलवायचा तो एकच. चढले आणि स्वतःवरच खूष झाले. तिथेच चूक झाली.

पुढचा माथा समोर दिसत होता. वळसा घालून जाण्याऐवजी मी उतारावरून आडवी निघाले. खाली सगळा घसारा. चौथ्या-पाचव्या पावलाला पायाखालचा मुरूम सरकला आणि मी बसकण मारून आठ-दहा फूट खाली घसरले. एका बोरीच्या बुंध्याला पाय अडला म्हणून थांबले. तळहात सोलवटले, गुडघा ठणकायला लागला. वर बघावं तर सैल मुरूम, खाली बघावं तर पोटात गोळा. मोबाइल काढला, रेंज नाही. त्या क्षणी काय आठवलं असेल? सगळ्यांचे चेहरे. “सांगितलं होतं ना,” असं म्हणणारे.

पाच मिनिटं तशीच बसले. पाणी प्यायले, गूळ खाल्ला. मग स्वतःलाच मोठ्याने म्हटलं, “घाई करायची नाही.” तोंड डोंगराकडे केलं आणि बसल्या-सरकत, एकेक झुडपाचं मूळ चाचपत आडवी कातळापर्यंत आले. दहा फुटांना पाऊण तास लागला. घड्याळात पावणेबारा झाले होते. पुढचा माथा अजून खुणावत होता. अगदी जवळ. पण फ्रिजवरच्या कागदावर बारा लिहिलं होतं. मी मागे फिरले.

हिरकणी आणि काळसू

उतरताना हिरकणीची आठवण होणारच. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेलेली गवळण. शिवाजी महाराजांनी तिच्या धाडसाचं कौतुक केलं आणि तिथे बुरूज बांधला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण मला त्या दिवशी वेगळंच वाटलं. हिरकणी बाळासाठी उतरली म्हणून आपण तिला डोक्यावर घेतलं. ती नुसतीच, खालचं जग वरून कसं दिसतं ते बघायला कड्यावर गेली असती, तर?

तशीही एक आहे बरं का. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची 1646 मीटर. तिथली लोककथा सांगते की काळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिची अट होती, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस तिला तेच काम सांगितलं. तिने ते केलं आणि सरळ डोंगरावर निघून गेली, ती कायमची. आज तिथे तिचं देऊळ आहे. राज्याच्या सगळ्यांत उंच जागी बसलेली बाई ही भांड्यांना कंटाळून एकटी निघालेली आहे, हे मला फार आवडतं.

कथा सोडा. 1975 साली एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी जगातली पहिली स्त्री जपानची जुन्को ताबेई. वय 35, घरी लहानगी मुलगी. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर तिला घरी राहून मुलं सांभाळायचे सल्ले मिळाले होते. शिखराच्या काही दिवस आधी हिमप्रपातात गाडली गेली, बाहेर काढली, तरी चढली. ब्रिटनची ॲलिसन हारग्रीव्हज मे 1995 मध्ये प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय, शेर्पांची मदत न घेता एव्हरेस्ट चढली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये के-टू शिखरावरून उतरताना वादळात गेली. तिला दोन छोटी मुलं होती. “आई असून हे धाडस कशाला?” असं तिच्यामागे वर्तमानपत्रांनी विचारलं. त्याच वादळात पुरुषही गेले. त्यांच्यापैकी बाप कोण होता, हे कुणी इतक्या जोरात विचारलं नाही.

आणि आपल्या मुली? पुण्याची कृष्णा पाटील 2009 साली एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर पोचली. साताऱ्याची प्रियांका मोहिते 2013 मध्ये एव्हरेस्ट, 2021 मध्ये अन्नपूर्णा आणि 2022 मध्ये कांचनजंगा चढून आली. साताऱ्याच्या मुलीला कुणीतरी पहिल्यांदा घराबाहेर जाऊ दिलंच असेल ना?

जाणार असाल तर

माझं ऐकून उद्याच कुणी एकटीने निघू नका. आधी दोन-तीनदा सोबतीने वाट पाठ करा. कुठे जाणार आणि कधी परतणार ते लिहून ठेवा. आपल्या भागात नोव्हेंबर ते जानेवारी बरा. उन्हाळ्यात दगड तापतात आणि पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, शिवाय उघड्या माथ्यावर विजेची भीती. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर लांबूनच वळा. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे, पण रेंज असेलच असं नाही, म्हणून शिट्टी हवी. आणि परत फिरायची वेळ झाली की फिरायचं. माथा कुठे जात नाही.

“वर काय दिसतं गं?”

खाली येताना डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी भेटली. माझा मातकट अवतार बघून थांबली.

“एकटीच हिंडायलीस व्हय माय? काय हरपलं का?”

“नाही हो मावशी. सहज आले होते.”

“सहज?” ती एवढी हसली की मोळी डोलायला लागली. “मी बी रोज एकटीच येते. पर सहज नाही येत.”

घरी पोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. हे ओट्यावर, गाडीची किल्ली हातात घेऊन उभे. काही न बोलता आत गेले आणि हळद-तेल घेऊन आले. सासूबाई माझ्या तळहातांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता सुरू होणार.

त्यांनी विचारलं, “वर काय दिसतं गं?”

मी सांगितलं. घरं, तुरी, कपाशी, धुरकट येलदरी. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “लहानपणी मी जायची आमच्या गावच्या डोंगरावर. शेण्या वेचायला. सूर्य उगवायच्या आत, एकटी. तेव्हा कुणी नाही विचारलं, कुणासोबत म्हणून.”

थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पण वर बसून बघितलं नाही कधी. पाटी भरायची असायची.”

सासूबाईंचे पाय आता साथ देत नाहीत. पण नेमगिरीच्या मंदिरापर्यंत गाडी जाते. येत्या रविवारी आम्ही दोघी जाणार आहोत. पाटी न घेता.