विश्लेषण : २०२१ मध्ये फ्रेंच खुली टेनिस स्पर्धा पुन्हा लांबणीवर! तेव्हा खेळाडू गप्प का राहिले?

करोनाच्या तिसऱ्या लाटेने फ्रान्सला घेरल्यामुळे फ्रेंच खुल्या टेनिस स्पर्धेच्या तारखा २०२१ मध्ये सलग दुसऱ्या वर्षी बदलल्या. २३ मेपासून सुरू होणारी ही ग्रँडस्लॅम स्पर्धा आता ३० मे ते १३ जून या काळात होईल, असे फ्रेंच टेनिस महासंघाने ८ एप्रिलला जाहीर केले. पुढे ढकलण्याचा कालावधी या वेळी जेमतेम एका आठवड्याचा होता. आदल्या वर्षी हीच स्पर्धा मेमधून थेट सप्टेंबरमध्ये गेली होती आणि त्या निर्णयाने टेनिसविश्वात संतापाची लाट उसळली होती. या वेळी तसे काही झाले नाही. दोन निर्णयांमधला हा फरक काय सांगतो आणि एका आठवड्याने नेमके काय साधणार होते, याचा हा आढावा.

एका आठवड्याचा आग्रह कशासाठी?

फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी ३१ मार्चला देशव्यापी निर्बंधांची घोषणा केली. मेच्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने सवलती देण्याचा त्यांचा मानस होता. मूळ वेळापत्रकानुसार पात्रता फेरी त्याच सुमारास सुरू झाली असती. म्हणजे शहर उघडत असतानाच स्पर्धेचे दरवाजे उघडावे लागले असते आणि प्रेक्षकांना परवानगी मिळण्याची शक्यता फारच थोडी होती. नव्या वेळापत्रकात पात्रता फेरी २४ मेपासून ठरली. लसीकरण आणि रुग्णसंख्या या दोन्ही बाबतीत तेवढाच एक आठवडा हाताशी मिळत होता.

यात आरोग्याइतकाच पैशाचाही प्रश्न आहे. रोलाँ गॅरोसवरची ही एक स्पर्धा फ्रेंच महासंघाच्या उत्पन्नाचा सुमारे ८० टक्के वाटा उचलते. या पैशावर देशभरातील क्लब, प्रशिक्षण आणि लहान स्पर्धा चालतात. त्यामुळे प्रेक्षकांविना स्पर्धा भरवणे महासंघाला परवडत नाही आणि ती रद्द करणे तर त्याहून परवडत नाही.

२०२० मध्ये नेमके काय घडले होते?

एटीपीने १२ मार्च २०२० रोजी पुरुषांचे सामने थांबवले. त्यानंतर पाचच दिवसांनी, १७ मार्चला, फ्रेंच महासंघाने आपली स्पर्धा २४ मेऐवजी २० सप्टेंबरला सुरू होईल, असे जाहीर करून टाकले. न्यूयॉर्कमधील अमेरिकन खुली स्पर्धा १३ सप्टेंबरला संपणार होती. म्हणजे हार्डकोर्टवरील ग्रँडस्लॅम आणि लाल मातीवरील ग्रँडस्लॅम यांच्यात केवळ एक आठवडा उरत होता. शिवाय रॉजर फेडररच्या पुढाकाराने सुरू झालेला लेव्हर चषक २५ ते २७ सप्टेंबरदरम्यान बोस्टनमध्ये ठरलेला होता. पॅरिसच्या नव्या तारखा थेट त्याच्यावरच येऊन आदळल्या.

अनेक खेळाडूंना ही बातमी समाजमाध्यमांतून कळली. एटीपीच्या खेळाडू परिषदेवर असलेल्या कॅनडाच्या व्हासेक पॉस्पिसिलने जाहीर संताप व्यक्त केला. नाओमी ओसाकानेही ट्विटरवर आपले आश्चर्य लपवले नाही. तारखेपेक्षा ती ठरवण्याची पद्धत खेळाडूंना अधिक बोचली होती. टेनिसचे वेळापत्रक कोणा एकाच्या मालकीचे नाही. पुरुषांची एटीपी, महिलांची डब्ल्यूटीए, आंतरराष्ट्रीय महासंघ आणि चार ग्रँडस्लॅम अशा सात सत्ताकेंद्रांमध्ये ते वाटलेले आहे. त्यापैकी एकाने इतरांना न विचारता जागा अडवली की बाकीच्यांनी कुठे जायचे, हा रास्त सवाल होता.

पुढे चर्चा झाली, लेव्हर चषक वर्षभराने पुढे गेला आणि फ्रेंच स्पर्धाही आणखी आठवडाभर सरकून २७ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर या काळात पार पडली.

विम्बल्डन रद्द झाले, मग पॅरिस का नाही?

विम्बल्डनने १ एप्रिल २०२० रोजी स्पर्धा रद्द केली. दुसऱ्या महायुद्धानंतर असे प्रथमच घडले. या दोन टोकाच्या निर्णयांमागे दोन साधी कारणे होती. पहिले म्हणजे विमा. ऑल इंग्लंड क्लबने साथरोगाचा धोका गृहीत धरून विमा काढला होता आणि त्याचे हप्ते वर्षानुवर्षे भरले होते. फ्रेंच महासंघाकडे असे संरक्षण नव्हते.

दुसरे कारण खेळपट्टीचे. गवत हंगामी असते. इंग्लंडमध्ये शरद ऋतूत दव पडते, ऊन कमी होते आणि ओल्या गवतावर खेळाडू घसरतात. त्यामुळे विम्बल्डन फार पुढे ढकलता येत नाही. लाल मातीचे तसे नाही. नावात माती असली तरी रोलाँ गॅरोसच्या कोर्टवर दिसतो तो विटांचा भुगा असतो. चुनखडीच्या थरावर या भुग्याचा अवघा एक-दोन मिलिमीटरचा पातळ थर पसरलेला असतो. पाणी मारून, झाडून तो रोज नव्याने तयार करता येतो. थंडीत तो जड होतो, पण खेळण्याजोगा राहतो.

सप्टेंबरमधली लाल माती वेगळी का ठरली?

मेअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, तर सप्टेंबरअखेरीस साडेसातच्या सुमारास. हवा थंड आणि दमट असते. अशा हवेत चेंडूला ओलसर भुगा चिकटतो, तो जड होतो आणि कमी उसळतो. त्यातच २०२० मध्ये चेंडू पुरवणारी कंपनीही बदलली होती. नवा चेंडू फार जड असल्याची तक्रार राफेल नदालनेच केली. पहिल्या फेरीत व्हिक्टोरिया अझारेंका थंडी असह्य झाल्याने सामना सुरू असताना कोर्ट सोडून गेली.

सुदैवाने फिलिप शाट्रिए या मुख्य कोर्टवरचे सरकते छप्पर त्याच वर्षी तयार झाले होते. सुमारे पंधरा मिनिटांत ते बंद होते. प्रकाशझोतही होतेच. त्यामुळे पाऊस आणि अंधार दोन्हींवर मात करता आली. नदाल आणि यानिक सिनर यांच्यातला उपांत्यपूर्व सामना तर रात्री दीडच्या सुमारास संपला. छप्पर आणि दिवे नसते, तर ऑक्टोबरमध्ये ग्रँडस्लॅम पूर्ण करणे जवळपास अशक्य होते.

नदालची ताकद असलेला उंच उसळणारा टॉपस्पिन या हवेत बोथट होईल आणि नोव्हाक जोकोव्हिचला फायदा मिळेल, असा बहुतेकांचा होरा होता. अंतिम सामन्यात, तोही बंद छपराखाली, नदालने त्याला ६-०, ६-२, ७-५ असे हरवले आणि संपूर्ण स्पर्धेत एकही सेट गमावला नाही. हे त्याचे पॅरिसमधील १३वे, तर एकूण २०वे ग्रँडस्लॅम जेतेपद. या आकड्याने त्याने फेडररला गाठले.

महिलांमध्ये मात्र उलथापालथ झाली. गतविजेती अ‍ॅश्ले बार्टी आणि ओसाका खेळल्या नाहीत. जागतिक क्रमवारीत ५४व्या स्थानी असलेल्या १९ वर्षांच्या इगा श्वीऑनटेकने अंतिम फेरीत सोफिया केनिनला ६-४, ६-१ असे नमवले. एकेरीत ग्रँडस्लॅम जिंकणारी ती पहिली पोलिश खेळाडू ठरली. त्याआधी तिच्या नावावर डब्ल्यूटीएचे एकही जेतेपद नव्हते. पात्रता फेरीतून आलेल्या अर्जेंटिनाच्या नादिया पोडोरोस्काने उपांत्य फेरी गाठली.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली?

आधी जुलैमध्ये दिवसाला २० हजार प्रेक्षकांची योजना होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती साडेअकरा हजारांवर, मग पाच हजारांवर आणि स्पर्धा तोंडावर आली तेव्हा अवघ्या एक हजारावर आली. पंधरा दिवसांत जास्तीत जास्त पंधरा हजार लोक. एरवी एवढी गर्दी अर्ध्या दिवसात होते. मिश्र दुहेरीचे सामने झालेच नाहीत. खेळाडूंना ठरवून दिलेल्या दोन हॉटेलांतच राहावे लागले. पॅरिसमध्ये स्वतःचे घर असलेल्यांनाही त्यातून सूट नव्हती.

तरीही स्पर्धा झाली याचे मोल खालच्या क्रमांकाच्या खेळाडूंना विचारायला हवे. टेनिसपटूला पगार नसतो. सामना नाही तर कमाई नाही. त्याउलट प्रशिक्षक, फिजिओ यांचा खर्च मात्र चालूच राहतो. टाळेबंदीत अशा सुमारे ८०० खेळाडूंसाठी टेनिस संघटनांना ६० लाख डॉलरहून अधिक रकमेचा मदतनिधी उभारावा लागला. फ्रेंच महासंघाने एकूण बक्षीस रक्कम ३ कोटी ८० लाख युरोंवर आणताना कात्री वर लावली, खाली नाही. एकेरीच्या विजेत्याचे बक्षीस २३ लाखांवरून १६ लाख युरो झाले, पण पहिल्याच फेरीत हरणाऱ्याचे ४६ हजारांवरून ६० हजार युरो झाले. सुमित नागल, प्रज्ञेश गुणेश्वरन, रामकुमार रामनाथन आणि अंकिता रैना हे भारतीय पात्रता फेरीत खेळले. त्यापैकी कोणीही मुख्य फेरी गाठू शकले नाही. मुख्य फेरीचा उंबरठा ओलांडण्याची किंमत काय असते, ते या ६० हजार युरोंवरून कळते.

मग २०२१ मध्ये विरोध का झाला नाही?

कारण या वेळी आधी चर्चा झाली आणि मग घोषणा. हा निर्णय एटीपी, डब्ल्यूटीए, अन्य आंतरराष्ट्रीय संघटना आणि प्रक्षेपणकर्त्यांशी बोलून घेतल्याचे महासंघाने म्हटले होते. फेब्रुवारीत महासंघाच्या अध्यक्षपदी जिल मोरेतों आले होते. शिवाय एव्हाना सगळेच पोळलेले होते. ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा २०२१ मध्ये तीन आठवडे उशिरा, ८ फेब्रुवारीला सुरू झाली. विमानातील सहप्रवासी बाधित आढळल्याने ७२ खेळाडूंना दोन आठवडे हॉटेलच्या खोलीत काढावे लागले आणि स्पर्धेच्या मधले पाच दिवस प्रेक्षकांविना गेले. त्या अनुभवानंतर एका आठवड्याच्या बदलावरून भांडण्याची कोणाची इच्छा नव्हती.

तोटा कोणाचा?

हिरवळीच्या हंगामाचा. विम्बल्डन २८ जूनला सुरू होणार होते. फ्रेंच आणि विम्बल्डन यांच्यात २०१५ पासून तीन आठवड्यांचे अंतर ठेवले जात होते. ते २०२१ मध्ये दोन आठवड्यांवर आले. लाल मातीवर घसरत जाऊन फटके मारणाऱ्या पायांना हिरवळीवर आखूड, सावध पावले टाकायला शिकवायचे, तर तेवढा काळ अपुरा होता. पॅरिसमध्ये दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकणाऱ्यांना तो आणखी कमी मिळणार होता. हिरवळीवरील छोट्या स्पर्धांनाही मोठ्या नावांविना भागवावे लागणार होते. पुढे जुलैअखेरीस टोक्यो ऑलिम्पिक होते आणि तिथे हार्डकोर्ट. म्हणजे दोन महिन्यांत तीन प्रकारची कोर्ट आणि तीन देशांचे विलगीकरणाचे नियम खेळाडूंपुढे होते. चाळिशीला टेकलेला, गुडघ्याच्या शस्त्रक्रियांतून सावरणारा फेडरर किंवा पस्तिशीकडे झुकलेला नदाल यातले काय निवडतात आणि काय सोडतात, हा तेव्हा प्रश्न होता.

एक आठवडा पुरेल का, हे मात्र पॅरिसमधील रुग्णालयांतील खाटांवर ठरणार होते. २०२० मध्ये २० हजारांचा आकडा एक हजारावर यायला तीन महिनेही लागले नव्हते. २०२१ मध्ये प्रवास उलट दिशेने व्हावा, एवढीच संयोजकांची अपेक्षा होती.