नव्या डांबराखालची जुनी भेग

पावसाळा ओसरला की गोव्यात हॉटमिक्स डांबरीकरणाची कामे सुरू होतात. काळाभोर, गुळगुळीत रस्ता पाहून वाहनचालक सुखावतात. पण एक-दोन पावसाळे उलटतात न उलटतात तोच त्याच रस्त्यावर, बहुधा त्याच जागी, भेगा दिसू लागतात आणि भेगांचे खड्डे होतात. लोकांचा पहिला संशय डांबराच्या दर्जावर आणि कंत्राटदारावर जातो. तो अनेकदा रास्तही असतो. मात्र चोख डांबर आणि चोख खडी वापरून केलेला थरदेखील तडकलेल्या जुन्या रस्त्यावर तसाच पसरला, तर फार काळ तग धरत नाही. खालची भेग त्यातून वर येते. ही भेग कशी रोखावी, या प्रश्नाचा अभ्यास हैदराबाद येथील आयआयटीने प्रयोगशाळेत केला आहे. दरवर्षी डांबरीकरणावर मोठा खर्च करणाऱ्या प्रत्येक राज्याला तो उपयोगी आहे.

रस्ता म्हणजे केवळ डांबर नव्हे

डोळ्यांना दिसते ते डांबर हा रस्त्याचा फक्त वरचा भाग. त्याखाली बारीक-मोठ्या खडीचा दाबून बसवलेला थर असतो, त्याखाली पाण्याचा निचरा करणारा मुरूम-खडीचा थर आणि सर्वांत खाली दाबलेली माती. चाकाचे वजन या थरांतून पसरत पसरत खाली जाते आणि मातीपर्यंत पोहोचताना तिला पेलवेल इतके हलके होते. रस्त्याचे संकल्पन म्हणजे या वजनाच्या वाटणीचा हिशेब होय. बोलीभाषेत आपण ज्याला डांबर म्हणतो, ते आज खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे बिटुमेन असते. कोळशापासून निघणारे मूळ डांबर निराळे. वजनाने पाहिल्यास वरच्या थरात बिटुमेनचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतो. बाकी सारी खडी आणि दगडाची भुकटी.

भारतात या हिशेबाला शिस्त लावणारी संस्था म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस. तिच्या स्थापनेमागे एका मराठी माणसाचा हात आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीने देशातील रस्त्यांचा अभ्यास करून शिफारशी केल्या आणि त्यांतूनच १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. डांबरी रस्त्यांच्या संकल्पनासाठी तिची ‘आयआरसी ३७’ ही मार्गदर्शिका १९७० मध्ये प्रथम आली. तिची २०१८ ची आवृत्ती रस्त्याचे मरण दोन प्रकारांनी मोजते. पहिला प्रकार म्हणजे चाकोरी पडणे: मातीवर येणारा दाब सोसवेनासा झाला की चाकांच्या वाटेवर रस्ता खचतो. दुसरा म्हणजे थकवा: प्रत्येक चाकाखाली डांबरी थर किंचित वाकतो, त्याच्या तळाशी ताण येतो आणि लाखो वेळा असे वाकल्यावर तळाला भेग पडते. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच हे.

या थकव्याचे गणित नवख्याला चकित करणारे आहे. मार्गदर्शिकेतील सूत्रानुसार डांबरी थराच्या तळाची विकृती निम्मी केली, तर थकव्यापुरते रस्त्याचे आयुष्य दुप्पट नव्हे, तर सुमारे १५ पट होते. हाच न्याय उलटाही लागू पडतो. वाहनाच्या आसाने होणारे नुकसान वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या भव्य रस्ता-चाचणीतून हा नियम पुढे आला. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मालवाहू वाहनांच्या चार टायरांच्या एकेरी आसाची वजनमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वजन वाढले सुमारे १३ टक्क्यांनी. पण चौथ्या घाताने हिशेब केला, तर रस्त्याची झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते.

भेग वर कशी येते

रस्ता तडकला की सर्वांत सोपा उपाय म्हणजे वर आणखी एक थर टाकणे. तो दिसतो छान, पण खालची भेग मेलेली नसते. चाक भेगेच्या एका काठावर आले की तो काठ दबतो आणि दुसरा जागेवर राहतो. चाक पुढे सरकले की नेमके उलटे घडते. भेगेच्या वरच्या नव्या थराला अशा रीतीने प्रत्येक वाहनागणिक कातरीत सापडल्यासारखे व्हावे लागते. त्यातच उन्हाने जुना थर प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो आणि भेग उघडझाप करते. सगळा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. काही काळाने नव्या थरातही तीच भेग, त्याच नकाशाने उमटते. अभियंते तिला ‘परावर्तित भेग’ म्हणतात, कारण खालच्या भेगेचे ते जणू प्रतिबिंबच असते.

भेग पडली म्हणजे रस्ता लगेच मोडत नाही. त्याला मोडते ते पाणी. भेगेतून शिरलेले पाणी बिटुमेन आणि खडी यांचा बंध सोडवते, खालची खडी ढिली करते आणि माती मऊ करते. मग चाकाच्या दाबाने तेच पाणी उसळून बाहेर येते आणि येताना बारीक कण घेऊन येते. पोकळी वाढत जाऊन एक दिवस वरचा थर खाली बसतो. आपल्याला खड्डा दिसतो तो या आजाराच्या शेवटच्या टप्प्यावर. भेग नसली, तरी थर नीट दाबला गेला नसेल तर हेच घडते. थरातील हवेच्या पोकळ्या साधारण आठ टक्क्यांहून अधिक राहिल्या, तर त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला आत वाट मिळते.

या दृष्टीने हैदराबाद हे कठीण परीक्षेचे ठिकाण आहे. उन्हाळ्यात तेथे हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि काळा रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो. पावसाची वार्षिक सरासरी गोव्याच्या तुलनेत फारच कमी. पण तो कोसळतो तेव्हा थोड्या तासांत शहर बुडवतो. ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर २४ तासांत शहरात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक रस्ते पाण्याखाली गेले. गोव्यात प्रखर उन्हाळा नसला, तरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. दोन्हीकडे भेग एकदा उघडली की तिला पाणी हमखास भेटते.

हैदराबादच्या प्रयोगशाळेत

२००८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी हैदराबाद शहराबाहेर संगारेड्डी जिल्ह्यातील कंदी येथे आहे. तेथील स्थापत्य अभियांत्रिकी विभागात प्रा. सिरीश सारिदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तडकलेल्या रस्त्याची प्रतिकृती डांबरी तुळयांच्या रूपात तयार केली. तुळईचा खालचा थर जुन्या रस्त्याचा आणि त्यात मुद्दाम ठेवलेली भेग. वरचा थर नव्या डांबराचा. काही तुळयांमध्ये या दोन थरांच्या मधोमध कृत्रिम धाग्यांची जाळी बसवण्यात आली, काहींमध्ये नाही. मग धावत्या चाकांसारखा भार या तुळयांवर पुन्हा पुन्हा देण्यात आला. भेग वर कशी सरकते, हे टिपण्यासाठी तुळईच्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेऊन त्यांवरील ठिपक्यांचे सूक्ष्म विस्थापन संगणकाने मोजले गेले.

निष्कर्ष स्पष्ट होता. जाळी असलेल्या तुळया जाळी नसलेल्या तुळयांपेक्षा कितीतरी अधिक भार-आवर्तने सोसू शकल्या. जाळी भेगेच्या टोकाशी एकवटलेला ताण स्वतःवर घेते आणि आजूबाजूला पसरवते. भेगेला सरळ वर जाण्याऐवजी थांबावे किंवा वळावे लागते. पण याच संशोधनाचा दुसरा धागाही तितकाच महत्त्वाचा आहे. जाळी घातली की जुना आणि नवा थर यांच्या सांध्याचा प्रश्न उभा राहतो. जाळीची भोके, तिची ताठरता आणि तिला चिकटवणारा बिटुमेनचा फवारा यांचा मेळ बसला नाही, तर थर एकमेकांवरून सरकू लागतात. म्हणजे जाळी हा जादूचा उपाय नव्हे. ती योग्य निवडून, स्वच्छ पृष्ठभागावर आणि काळजीपूर्वक बसवली, तरच उपयोगी पडते. अशा वापरासाठी इंडियन रोड्स काँग्रेसनेही २०१९ मध्ये ‘एसपी ५९’ या मार्गदर्शिकेची सुधारित आवृत्ती काढली आहे.

खरवडलेल्या थराचे मोल

थरावर थर चढवत गेल्याचा दुष्परिणाम गोव्यातील वाड्यावाड्यांत दिसतो. रस्ता उंच होत जातो, घरांचे उंबरठे आणि गटारे खाली राहतात आणि पावसाचे पाणी अंगणात वळते. यावर उपाय म्हणजे तडकलेला जुना थर यंत्राने खरवडून काढणे. भेग मुळापासून जाते आणि रस्त्याची पातळीही राखली जाते. मग प्रश्न उरतो तो खरवडून निघालेल्या ढिगाचा.

हा ढीग कचरा नाही. त्यात डोंगर फोडून काढलेली खडी आणि पैसे मोजून आणलेले बिटुमेन आहे. मात्र केवळ तोच पायात दाबून भरला, तर बिटुमेनच्या लेपामुळे खडीचे दाणे एकमेकांवर घसरतात आणि सततच्या भाराखाली थर हळूहळू खचतो. आयआयटी हैदराबादमधील याच गटाने या मालात नवी खडी आणि औष्णिक वीज केंद्रांची राख मिसळून पाहिली. राखेला अल्कलीची जोड दिली की ती सिमेंटसारखी घट्ट होते आणि दाण्यांना बांधून ठेवते. अशा मिश्रणाची केवळ ताकद मोजून संशोधक थांबले नाहीत. आळीपाळीने भिजवून आणि वाळवून ते किती टिकते, हेही त्यांनी तपासले. पाऊस आणि ऊन यांच्या फेऱ्यांत सापडणाऱ्या रस्त्यासाठी हीच खरी कसोटी आहे. डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापरासाठी ‘आयआरसी १२०’ ही देशपातळीवरील मार्गदर्शिका २०१५ पासून उपलब्ध आहे.

आधी मोजणी, मग डांबर

या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगता येते: रस्त्यावर नवा थर टाकण्यापूर्वी जुना रस्ता कशाने मोडला, हे कळायला हवे. त्यासाठी साधने आहेत. बेंकेलमन तुळई हे साधे यंत्र, सुमारे ८ टन भाराचा मागचा आस असलेल्या ट्रकखाली रस्ता किती दबतो, हे सांगते. त्याहून प्रगत यंत्र रस्त्यावर ठरावीक वजन पाडते आणि निरनिराळ्या अंतरांवर रस्ता किती लवला, ते नोंदवते. त्यावरून डांबर, खडी आणि माती यांपैकी नेमका कोणता थर दुबळा आहे, हे काढता येते. पाया खचला असेल, तर वर कितीही डांबर ओतले तरी ते वाया जाते. पाया भक्कम असून फक्त वरचा थर थकला असेल, तर खरवडून नवा थर देणे किंवा मधे जाळी बसवणे पुरते.

जबाबदारीचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. ग्रेटर हैदराबाद महानगरपालिकेने आपले सुमारे ७०९ किलोमीटरचे मुख्य रस्ते सर्वंकष देखभाल कार्यक्रमाखाली पाच वर्षांसाठी खासगी संस्थांकडे सोपवले. डांबर टाकणाऱ्यालाच पाच वर्षे तो रस्ता सांभाळायचा असेल, तर खालच्या भेगेकडे डोळेझाक करणे त्याला परवडत नाही, हा अशा करारामागचा विचार आहे. तो प्रत्यक्षात उतरतो तो कराराच्या काटेकोर अंमलबजावणीनेच.

गोव्यात पुढच्या वेळी एखाद्या रस्त्याचे डांबरीकरण जाहीर होईल, तेव्हा ग्रामसभेत विचारण्याजोगे प्रश्न फार नाहीत. जुना थर खरवडणार की त्यावरच डांबर टाकणार? भेगांचे कारण तपासले का? बाजूच्या गटारांतून पाणी वाहून जाते का? आणि दोषदायित्वाचा काळ किती? हे प्रश्न डांबराचा रोलर येण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. रोलर फिरून गेला की भेग पुन्हा नजरेआड होते, ती पुढच्या पावसापर्यंत.