खानदेशी गुडघा आणि प्रयोगशाळेतली चाल

कृत्रिम सांधा किती सहज सरकतो, यावरून तो किती वर्षं टिकेल हे सांगता येत नाही. जॉन चार्नली या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदांना हे महागात पडून कळलं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. घर्षण अगदी कमी आणि रुग्ण खूश; पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या आणि सुटलेल्या कणांनी भोवतालच्या ऊती बिघडवल्या. 1962 च्या नोव्हेंबरात ते अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनकडे वळले. त्याचं घर्षण टेफ्लॉनहून जास्त, झीज मात्र कितीतरी कमी. आजच्या कृत्रिम गुडघ्यांतही याच जातीचं प्लॅस्टिक असतं. तेव्हा सांध्याचा कस झिजेवर लागतो, आणि झीज कोणत्या हालचालीत मोजली यावर उत्तर बदलतं.

ही हालचाल कुणाची? कृत्रिम गुडघ्याच्या झिजेची आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणी, आयएसओ 14243, सपाट जमिनीवरच्या चालण्यावर बेतलेली आहे. पाऊल 50 लाख वेळा पडतं, वंगण म्हणून वासराच्या रक्तातला द्रव असतो, गुडघा मात्र 60 अंशांच्या आतच वाकतो. जळगाव-धुळ्याकडे कपाशीत निंदणी करणारी बाई उकिडवी बसते तेव्हा तो 120 अंशांपलीकडे जातो. नैसर्गिक कूर्चेतही ताण वेगळा पडतो. तिच्यातलं पाणी भार पेलतं, म्हणून घर्षण नगण्य राहतं. भार एकाच जागी टिकला की पाणी पिळून निघतं आणि घर्षण वाढतं. चालताना भार येतो-जातो, पाण्याला परतायला वेळ मिळतो. निंदणारी बाई दगडासारखी बसून नसते, सरकत पुढे जाते, हे खरं. तरी गुडघा फारसा सरळ होत नाही.

यावर कुणी म्हणेल, सांधेदुखी उकिडवं बसण्याची नव्हे, वयाची आणि वंशाची. वय आहेच. पण बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या तुलनेत खुब्याची झीज फारच कमी आढळली, तर स्त्रियांमध्ये गुडघ्याची जास्त. आणि तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसण्याशी तिचा संबंध दिसला. नुसत्या वंशाने या दोन सांध्यांतली तफावत उलगडत नाही. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: शस्त्रक्रियेनंतर खाली बसूच नका म्हणतो, मग उकिडव्या बसण्याची चाचणी कशाला? सल्ला योग्य आहे, पण ज्या घरात चूल, शौचालय आणि मजुरी तिन्ही जमिनीलगत आहेत तिथे तो किती पाळला जाणार? पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय सवयी ध्यानात घेऊन ‘इंडस’ गुडघा घडवला, तो याच अडचणीतून.

2017 मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधल्या. खरेदी त्यामुळे आवाक्यात आली, टिकाऊपणाचा प्रश्न मात्र उरलाच. सांध्याची पूर्ण चाचणीयंत्रं महागडी असतात. पण उकिडव्या बसण्याचे कोन, कालावधी आणि भार शेतात जाऊन नोंदवायला ती लागत नाहीत. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय यांनी ही नोंद एकत्र करावी. यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला याहून जवळचा विषय मिळणं कठीण आहे.