पाठीला चिलखत नसलेला वीर

दरीतली वाट अरुंद आहे. समोरून येणाऱ्याच्या अंगावर माशाचे खवले आहेत, पंख ड्रॅगनचे, पाय अस्वलाचे आणि तोंड सिंहाचं. त्याचं नाव अपोलियन. वाटेवर एकटा सापडलेला माणूस घाबरलाय. पळावं की उभं राहावं, याचा हिशेब त्याच्या मनात चाललाय. तेवढ्यात त्याच्या ध्यानात येतं, की मागच्या मुक्कामी यजमानांनी आपल्याला शस्त्रं दिली, शिरस्त्राण दिलं, सगळं दिलं; पण चिलखत आहे ते पुढच्या बाजूला. पाठ उघडीच आहे. वळून पळालो तर याचे बाण नेमके तिथेच बसतील. तेव्हा जीव वाचवायचा तर उभं राहिलेलंच बरं.

जॉन बन्यनच्या ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’मधला (१६७८) हा प्रसंग. नायकाचं नावच ख्रिश्चन. तो शूर आहे म्हणून उभा राहत नाही. पळण्याची सोय नाही म्हणून उभा राहतो. गोष्टींतल्या वीरांबद्दल इतकं खरं बोलणारे लेखक थोडेच.

चिलखत घातलेला वीर, त्याला मिळालेली कामगिरी, वाटेत भुलवणारा मायावी, अंधारकोठडी, शेवटी ड्रॅगन, आणि या सगळ्याखाली आत्म्याच्या प्रवासाचा ख्रिस्ती अर्थ. ही कथा इंग्रजीत चारशेहून अधिक वर्षं सांगितली जातेय आणि मुलांसाठी अजूनही नव्याने लिहिली जातेय. रूपकाची ही चाल मराठी वाचकाला परकी नाही. नाथांच्या भारुडातला विंचू खरा विंचू नसतो, हे ऐकणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. रूपककथेत खरा प्रश्न एकच असतो: विंचू कोण? इथे तो असा विचारायचा: ड्रॅगन कोण? या प्रश्नाच्या उत्तरावरच यातल्या चांगल्या आणि वाईट गोष्टी वेगळ्या होतात.

आधी चिलखताबद्दल. या सगळ्या वीरांची शस्त्रं एकाच भात्यातून येतात. बायबलच्या नव्या करारात इफिसकरांस लिहिलेलं पत्र आहे. पौलाच्या नावाचं हे पत्र लिहिणारा स्वतःला बेड्यांत अडकलेला दूत म्हणवतो. रोमन शिपाई त्याच्या रोजच्या पाहण्यातला असणार. सहाव्या अध्यायात तो शिपायाचा एकेक जिन्नस घेऊन त्याला नाव देत जातो. कमरपट्टा सत्याचा, उरस्त्राण नीतिमत्त्वाचं, पायताण शांतीच्या सुवार्तेचं, ढाल विश्वासाची, शिरस्त्राण तारणाचं आणि तलवार आत्म्याची. सुट्टीतल्या बायबलवर्गात मुलं खोक्यांचा पुठ्ठा कापून, वर चंदेरी कागद चिकटवून जी ढाल-तलवार करतात, ती याच यादीतली.

या यादीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. सहा जिनसांपैकी वार करायची एकच, बाकी पाच वार झेलण्यासाठी. पाठीसाठी तर काहीच नाही. बन्यनने ती यादी शब्दशः वाचली आणि त्यातून दरीतला तो प्रसंग उभा केला. दुसरी गोष्ट यादीच्या आधीच सांगून टाकलेली आहे: ही झुंज रक्तामांसाच्या माणसांशी नाही. हे ज्यांनी लक्षात ठेवलं त्यांच्या गोष्टी टिकल्या. ज्यांना त्याचा विसर पडला त्यांच्या हातून काय झालं, तेही पुढे येईलच.

ड्रॅगनची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट संत जॉर्जची. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने याने संतचरित्रांचा ‘लेजेंडा ऑरिआ’ हा ग्रंथ सिद्ध केला, त्यात ती येते. लिबियातल्या सिलेन नावाच्या नगराजवळ तळं, तळ्यात ड्रॅगन. त्याला रोज मेंढ्या द्यायच्या. मेंढ्या सरत आल्या तशी चिठ्ठ्या टाकून मुलं द्यायची. एके दिवशी चिठ्ठी निघते राजकन्येची. जॉर्ज घोड्यावरून येतो, भाल्याने ड्रॅगनला जायबंदी करतो आणि राजकन्येला सांगतो, तुझा कमरपट्टा त्याच्या गळ्यात बांध. मग पाळीव कुत्र्यासारखा तो ड्रॅगन तिच्यामागून नगरात येतो. लोकांची पळापळ. जॉर्ज म्हणतो, तुम्ही बाप्तिस्मा घ्या, मग याला मारतो. लोक घेतात, तो मारतो.

गोष्ट चित्रमय आहे, पण जॉर्जला तिच्यात शिकायचं असं काही नाही. तो तयार होऊनच येतो आणि तसाच निघून जातो. ड्रॅगन त्याच्या बाहेर आहे, तळ्यात आहे. आणि शेवटचा तो सौदा आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही.

हा जॉर्ज एडमंड स्पेन्सरच्या हातात आला आणि गोष्ट पालटली. ‘द फेअरी क्वीन’ या त्याच्या महाकाव्याचे पहिले तीन खंड १५९० मध्ये, पुढचे तीन १५९६ मध्ये निघाले. बेत बारांचा होता, तो पुरा झाला नाही. वॉल्टर रॅलीला लिहिलेल्या पत्रात स्पेन्सर पहिल्या नायकाची पूर्वकथा सांगतो. परीराणीच्या दरबारात एक आडदांड, गावंढळ पोरगा येऊन जमिनीवरच बसतो. चांगल्या आसनावर बसण्याची त्याची ऐपत नाही. एक स्त्री मदत मागायला येते, सोबत चिलखत आणते. पोरगा म्हणतो, मी जातो. स्पेन्सर स्पष्ट सांगतो, की हे पौलाने वर्णन केलेलंच चिलखत.

काव्य सुरू होतं तेव्हा हा ‘रेड क्रॉस’चा वीर माळावरून दौडत चाललेला असतो. त्याच्या ढालीवर, चिलखतावर जुन्या घावांचे खोल पोचे आहेत. पण त्याने स्वतः आजवर शस्त्र धरलेलं नाही. पोचे आधीच्या कुणाचे तरी, चिलखत वापरलेलं. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर यावा, तसं त्याचं शौर्य अजून अंगाला ढगळ होतंय. मोठेपणाचं ओझं अंगावर पडलेल्या कोणत्याही मुलाला ही भावना ओळखीची वाटेल.

पुढे हा वीर चुकत जातो. पहिल्याच झुंजीत ‘चूक’ नावाच्या राक्षशिणीला मारतो (ती पुस्तकं आणि कागद ओकते!) आणि त्या गुर्मीत एका मायाव्याच्या जाळ्यात अडकतो. खऱ्या सोबतिणीला, उनाला, सोडून खोट्या बाईच्या नादी लागतो. एका झऱ्याकाठी चिलखत उतरवून आरामात पडला असताना गर्वरूपी राक्षस त्याला पकडून कोठडीत टाकतो; सुटका दुसऱ्यांना करावी लागते. सगळ्यात बिकट गाठ पडते ती निराशेशी. ही निराशा म्हणजे गुहेत बसलेला, गोड बोलणारा माणूस. तुझं पाप एवढं आहे, पुढे आणखी वाढेल, मग जगून करायचं काय? वीराच्या हातात खंजीर येतो, हात वर जातो. उना तो हिसकावून घेते. तलवारीने जे झालं नसतं ते इथे युक्तिवादाने होऊ घातलं होतं.

ड्रॅगन शेवटी येतो. झुंज तीन दिवस चालते. पहिल्या दिवशी वीर पडतो तो जीवनाच्या झऱ्यात, दुसऱ्या दिवशी जीवनवृक्षाखाली. तिसऱ्या दिवशी जिंकतो. जिंकण्याआधी दोनदा पडलेला हा वीर म्हणजेच संत जॉर्ज, हे वाचकाला एव्हाना कळलेलं असतं. या झुंजीची मुलांसाठी मार्गारेट हॉजेस यांनी पुनर्कथा केली, ट्रिना शार्ट हायमन यांनी चित्रं काढली आणि त्या चित्रांना १९८५ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं.

इथेच या परंपरेचा काळा डागही दिसतो. स्पेन्सरच्या काव्यात वैरी म्हणून येणारे श्रद्धाहीन, नीतिहीन, आनंदहीन असे तीन भाऊ ‘सॅरासन’ आहेत, म्हणजे तेव्हाच्या युरोपच्या भाषेत मुसलमान. ती खोटी बाई म्हणजे रोमचं कॅथलिक चर्च. स्पेन्सर आयर्लंडमध्ये इंग्रज राजवटीचा अधिकारी होता. आयरिश बंड तलवारीने आणि उपासमारीने मोडून काढावं, असं सुचवणारा गद्य संवाद त्याने लिहून ठेवलाय. १५९८ मध्ये बंडखोरांनी त्याचा किल्कोलमनचा वाडा जाळला. निराशेचं कुजबुजणं ज्याने इतक्या जवळून ऐकलं होतं, त्याला शेजारी मरणाऱ्या माणसांत मात्र ड्रॅगनच दिसला. झुंज रक्तामांसाशी नाही, हे ज्या पत्रात लिहिलंय त्याच पत्रातलं चिलखत त्याने आपल्या वीराला घातलं होतं.

बन्यनची गोष्ट निराळी. बेडफर्डजवळच्या एल्स्टोचा हा माणूस फुटक्या भांड्यांना डाग देणारा कारागीर. कोवळ्या वयात यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजेत शिपाई होता. तरुणपणी स्वस्त चोपड्यांतल्या वीरकथांचं, ‘घोड्यावरच्या जॉर्ज’चं वेड त्याला होतं, हे त्याच्याच लेखनातून कळतं. पुढे परवान्याविना प्रवचनं केली म्हणून १६६० पासून बारा वर्षं तुरुंगात गेली. त्याच्या नायकाला त्याने चिलखत दिलं, पण घोडा काढून घेतला. ख्रिश्चन पायी चालतो, तोही बराच काळ पाठीवर ओझं घेऊन. अपोलियनशी अर्धा दिवस झुंज होते. डोकं, हात, पाय जखमी होतात, तलवार हातातून उडते. ती पुन्हा हाती येते तेव्हा अपोलियन मरत नाही, जखमी होऊन पंख पसरून उडून जातो.

हे पुस्तक मुलांसाठी लिहिलेलं नव्हतं. मुलांनी ते आपलं करून घेतलं. मराठीत ते लवकर आलं: हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने त्याचं भाषांतर केलं. पायी चालण्यालाच साधना मानणाऱ्या मुलुखात ‘यात्रिक’ हा शब्द चपखल बसला. आणि ज्यांनी बन्यन कधी उघडला नाही, अशाही अनेकींच्या घरात तो मागच्या दाराने आलाय. शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ म्हणून मराठीत आणलेल्या लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’मधल्या बहिणी लहानपणी हाच खेळ खेळतात: तळघरातून पाठीवर गाठोडी घेऊन गच्चीवरच्या स्वर्गनगरीपर्यंत. मूळ कादंबरीत एका प्रकरणाचं नाव आहे ‘जोला अपोलियन भेटतो’. त्यात राक्षस कुठेच नाही. जो धाकट्या बहिणीवर डूख धरते, तिला सावध करत नाही, आणि पातळ बर्फ फुटून ती पोर पाण्यात पडते. जोचा अपोलियन म्हणजे जोचा राग.

तळ्यातला ड्रॅगन असा घरात आला. सी. एस. लुईसने १९५२ च्या ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’मध्ये त्याला आणखी जवळ आणलं. युस्टेस हा कुरकुऱ्या, आपमतलबी मुलगा मेलेल्या ड्रॅगनच्या गुहेत, त्याच्या खजिन्यावर, हातात हिऱ्याचं कडं चढवून झोपतो. जागा होतो तेव्हा तोच ड्रॅगन झालेला असतो. कडं आता जाड झालेल्या पायात रुतून ठणकतंय. तो स्वतःची कातडी सोलतो, एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी खाली आणखी एक कातडी. शेवटी सिंह नख्या घालून ती खोलवर फाडतो तेव्हा कुठे मुलगा बाहेर येतो. इथे ड्रॅगनला मारणारा वीरच नाही. ज्याला वाचवायचंय तोच ड्रॅगन आहे. स्पेन्सरवर अधिकाराने लिहिणारा लुईस मध्ययुगीन साहित्याचा अभ्यासक होता. जॉर्जची गोष्ट त्याने कुठे नेऊन ठेवली, हे त्याला पुरतं ठाऊक असणार. तरी तोही जुन्या दोषातून सुटला नाही: त्याच्या काल्पनिक नार्निया देशाचे शत्रू सावळे, फेटेवाले, वाकड्या तलवारींचे, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे.

आजही हा प्रकार लिहिला जातो. अमेरिकी हवाईदलात एफ-१६ विमानं चालवलेल्या चक ब्लॅक यांच्या ‘किंगडम’ आणि ‘नाइट्स ऑफ अरेथ्रे’ या मालिकांत बायबलचीच कथा राजा, राजपुत्र आणि तलवारबाजांच्या वेषात येते. वेग आहे, झुंजी रंगतात; पण पात्र आलं की त्याचा अर्थ कळतो, आणि कळला की पात्राचं काम संपतं. पुस्तकाच्या शेवटी चर्चेसाठी प्रश्नही असतात. इसापनीतीतलं ‘तात्पर्य’ न वाचता पान उलटणाऱ्या मुलांचा मी पक्षपाती आहे. कडं रुतल्याची कळ ज्याला जाणवली, त्याला ‘कडं म्हणजे काय?’ हे विचारायची गरज नसते. आणि ज्याला जाणवली नाही, त्याला उत्तर पाठ करून ती जाणवणारही नाही.

बन्यनने १६८४ मध्ये दुसरा भाग लिहिला. पहिल्या भागात घर सोडून गेलेल्या ख्रिश्चनची बायको आणि मुलं आता त्याच वाटेने निघतात. ती दरी लागते. आता ती हिरवीगार आहे. साध्या कपड्यांतलं एक मेंढपाळाचं पोर गात बसलंय. मुलगा सॅम्युएल वाटाड्याला विचारतो, बाबांची लढाई नेमकी कुठे झाली? वाटाड्या सांगतो: ‘विसराळू कुरणा’च्या पलीकडे, त्या अरुंद जागी. ते तिथे जातात. दगडांवर बापाच्या रक्ताचे डाग अजून आहेत आणि इकडेतिकडे अपोलियनच्या बाणांचे तुकडे पडलेत.

बापाच्या मनात पळायचं आलं होतं, हे सॅम्युएलला कुणी सांगितलं की नाही, बन्यन लिहीत नाही. ते पुस्तक वाचणाऱ्या मुलाला मात्र माहीत असतं.